निमखोरीच्या मोटारी बॉनेट उतरवून का पळतात

घाट संपून माळ लागतो तिथे डाव्या हाताला जो दगडी चौथरा आहे, त्याच्यावर पाय देऊन फोटो काढू नका. एवढे पाळलेत तर बाकीचे सगळे सांगतो. चौथऱ्यावर मूर्ती नाही, शेंदूर नाही, नवसाची घंटा नाही. आज भैरोबाच्या जत्रेचा दिवस, म्हणून त्याच्यावर मोटारींची बॉनेट ओळीने मांडलेली दिसतात. लाल, पिवळी, एकावर तर वाघाचे तोंड रंगवलेले. आणि पलीकडे माळावर ज्या गाड्या पळायला उभ्या आहेत त्यांची इंजिने उघडी आहेत. शहरातली मंडळी विचारतात, इंजिनाला वारा लागावा म्हणून का हो? वाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. लोकांना आत बघता यावे म्हणून ती उघडी असतात.

मी या शर्यतीचा कोणी लागत नाही, हे आधीच सांगतो. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. जीपमध्ये माणसे कोंबून वडाप करणारे म्हणजे आमचे हाडवैरी. आमच्या थांब्यावर पाच मिनिटे आधी यायचे आणि आमचे प्रवासी आमच्या डोळ्यांदेखत उचलून न्यायचे. तेव्हा मोटारवाल्यांचे गोडवे गाईन अशी भीती बाळगू नका. जे थोरांकडून ऐकले ते सांगतो, आणि एक गोष्ट स्वतः पाहिलेली आहे, तीही सांगतो.

निमखोरी खाली खोऱ्यात. दवाखाना तालुक्याला, आणि तालुका या माळाच्या पलीकडे. म्हणजे कोणी आजारी पडले की आधी हा घाट चढायचा, मग दुसरे सगळे. पूर्वी माणसाला बाजेवर घालून खांद्यावरून आणीत. पुढे गावात मोटारी आल्या. लष्कराच्या लिलावातल्या जीपा, एकदोन जुनाट डबा मोटारी. बाजाराला माणसे न्यायची, परत आणायची, हा धंदा. त्या मोटारींपायी पहिल्याच वर्षी एक अघटित घडले, असे सांगतात. गुरवाच्या धाकट्या भावाला रानात पान लागले. सापाचे नाव आम्ही घेत नाही, पान लागले म्हणतो. त्याला देवळापाशी आणले. दोन मोटारी समोर उभ्या होत्या, दोन्हींची इंजिने चालू. पण एक म्हणे, आज नंबर तुझा. दुसरा म्हणे, मी आत्ताच येऊन टेकलोय, तू जा. हे 'आधी तू, आधी तू' चालले असताना तो पोरगा देवळाच्या पायरीवर गेला.

तेव्हा दौलू शेलार नावाच्या मोटारवाल्याने देवळात बेलभंडारा उचलला. दौलू त्या दोघांतला नव्हता, पण लाज त्याला वाटली. तो म्हणाला म्हणे, इथून पुढे हा वाद होणार नाही. दर चैत्रात जत्रेला सगळ्या मोटारी माळावर पळवायच्या. जी पहिली येईल तिने वर्षभर गावाची हाक घ्यायची. देवळातली घंटा लागोपाठ वाजली की त्या मोटारीने हातातले काम टाकून निघायचे. भाडे मागायचे नाही, जात बघायची नाही, घराघरांतले भांडण बघायचे नाही.

आणि पळायचे कसे, तेही त्याने बांधून घातले. जी मोटार बाजाराला जाते तीच पळवायची आणि जशी जाते तशीच पळवायची. सीट काढायचे नाही, मागची स्टेपनी उतरवायची नाही, छताचे ताडपत्री-कांब सोडायचे नाही. नेहमीइतकी माणसे आत बसवायची. कारण गाव काही मौजेखातर शर्यत लावत नव्हते. उद्या आपली बायको, आपला बाप ज्या गाडीत घालायचा ती गाडी गाव पारखून घेत होते.

आता तुम्ही हसाल, पण शर्यतीत माणसे भरलेली असत. पुढे पाटील फेटा धरून, मागे बायका एकमेकींना धरून. हौसाबाई नावाची एक म्हातारी दर साली दौलूच्याच गाडीत बसे. सुटल्यापासून थांबेपर्यंत त्याच्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार करी आणि उतरताना म्हणे, "दौल्या, पुढल्या साली माजी जागा धरून ठेव बरं का." माळाला एक फेरा, दगडाच्या ढिगाला वळसा, परत. चारदोन गाड्या वाटेतच रुसत. लोक त्यांना ढकलत आणत आणि ढकलताना तोंडसुख घेत. जिंकलेल्याला भैरोबाचा पुजारी सगळ्यांसमोर विचारी, "निमखोरीची हाक कोण घेतो?" तो म्हणे, "मी घेतो." एवढाच मान. पण त्या मानासाठी माणसे वर्षभर झुरत.

बहुतेक साली ती हाक दौलूकडेच असे. मोटार त्याची जुनी, पण तो तिला लेकीसारखी ठेवी. त्याला लेकही एकच, शेवंता. आणि घरात दुसरे एक लेकरू होते, त्याच्या बहिणीचा मुलगा सर्जेराव. सर्जाचा बाप लवकर गेला. मामाने त्याला आणून वाढवले, मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवले. शेवंता त्याच्याहून मोठी. तो तिला आक्का म्हणे, ती त्याला भाऊबीजेला ओवाळी. मामेबहीण आहे हे परक्याला सांगावे लागे, इतकी सख्खी माया.

वयात आल्यावर सर्जा कोल्हापूरच्या बाजूला एका गॅरेजमध्ये काम शिकायला राहिला. तिकडे म्हणे बड्या घरची पोरे मैदानात मोटारी पळवीत. त्यांच्या गाड्या जोरात कशा पळतात, हे सर्जाने तिथे पाहिले. तिथली युक्ती काही भर घालण्याची नव्हती, काढून टाकण्याची होती. हे काढ, ते काढ, गाडी हलकी कर, इंजिनावरचे ओझे उतरव. ही विद्या घेऊन तो परत आला. भंगारातून एक जीप जुळवून त्याने स्वतःची मोटार उभी केली. कामात हात चांगला होता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करीत.

पण शर्यतीत तो दोन साल मामाच्या मागेच राहिला. पारावरची माणसे काय गप्प बसतात? "सर्जा, मामाचा धुरळा गोड लागतो का रं?" असे विचारीत. तो हसण्यावारी नेई, पण आत ते खुपत होते. आता मी म्हणतो, मामाला सांगितले असते तर मामाने आपणहून एखाद्या साली गाडी मागे ठेवली असती. पण तसे मिळालेले पोराला नको होते. त्याला जिंकायचे होते. इथवर त्याचे काही चुकले नाही.

तिसऱ्या साली चैत्रातच शेवंता बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलटकरीण. दिवस भरत आले होते, पण अजून अवकाश आहे असे सुईण केराबाई म्हणत होती. जत्रेच्या सकाळी सगळ्या मोटारी घाट चढून माळावर आल्या. सर्जाही आला. मग तो करवंदीच्या जाळीआड गेला, बॉनेट उघडले आणि इंजिनाच्या तोंडावरचा पंखा काढून जाळीत लपवून ठेवला.

ज्यांना मोटारीतले कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो पंखा इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि पाणी गार ठेवतो. तो काढला की तेवढा जोर चाकांना मिळतो. सपाट माळावर, एका फेऱ्यापुरते, गाडीला काही होत नाही. उलट ती जास्त पळते. घाटात मात्र गाडी हळू चालते, समोरून वारा नसतो, आणि पंखा नसला की पाणी उकळते. बॉनेट लावले की यातले बाहेरून काही दिसत नाही. नियमात सीट होते, स्टेपनी होती, ताडपत्री होती. आतल्या पंख्याचे नाव नियमात कोणी घातले नव्हते, कारण तो कोणी काढील हे कोणाच्या मनात आलेच नव्हते.

सर्जा पहिला आला. दौलू त्याच्या पाठोपाठ. आणि हरलेला दौलू जिंकल्यासारखा नाचला, असे सांगतात. भाच्याला त्याने उचलून घेतले, स्वतःच्या डोक्यावरचा फेटा त्याच्या डोक्याला बांधला. पुजाऱ्याने विचारले, "निमखोरीची हाक कोण घेतो?" सर्जा म्हणाला, "मी घेतो." पोरांनी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर गुलाल टाकला, चौघे त्या बॉनेटवरच चढून बसले आणि वाजतगाजत सगळे घाट उतरून गावात गेले. जाळीतला पंखा आणायला त्याला कोणी सोडलेच नाही. संध्याकाळी वर येऊन घेऊन जाऊ, असा त्याचा विचार असावा.

दुपारी उन्हे तापली असताना देवळातली घंटा वाजू लागली. शेवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवे होते. केराबाईने हात टेकले. म्हणाली, तालुक्याला हलवा, माझ्याने व्हायचे नाही.

दौलूची मोटार दारातच उभी होती. ठणठणीत, पाणी भरलेली. बायकोने म्हटलेही, आपलीच काढा की. पण ज्या माणसाने बेलभंडारा उचलून नियम घातला, तो जत्रेच्या दिवशीच तो कसा मोडणार? आणि खरे सांगायचे तर त्याला अभिमानही होता. सर्जा गाडी घेऊन दारात आला तेव्हा मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुजी पयली हाक तुज्या आक्काचीच. नशीबवान हायस लेका. चल."

हीच ती वेळ. सर्जाने एकच वाक्य बोलायचे होते, मामा, तुमची गाडी काढा, माझी घाट चढायची नाही. गावाने शिव्या दिल्या असत्या, फेटा उतरवला असता, वर्षभर पारावर चर्चा झाली असती, आणि संपले असते. तो काही बोलला नाही. कोणी म्हणतात, त्याने तोंड उघडले होते, पण गुलालाने माखलेली माणसे भोवती उभी होती. कोणी म्हणतात, त्याला वाटले घाट कसाबसा चढेल, वर जाऊन पंखा बसवू. मी बऱ्याच जणांना विचारले, पण त्याच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक. शेवंता मात्र गाडीत निजताना त्याला म्हणाली म्हणे, "सर्जा, तू हायस म्हून मला भ्या न्हाई."

तो गाडी घेऊन निघाला. मागे शेवंता, तिच्या डोक्याशी केराबाई, पायाशी दौलू, कडेला दोन शेजारी. पहिली वळणे निभावली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. दौलू मागून म्हणाला, "दमानं घे." सर्जा दमानेच घेत होता, आणि दमाने घेतले तेवढी ती जास्तच तापत होती. शेवटच्या वळणाच्या जरा खाली इंजिनाने कण्हल्यासारखा आवाज केला आणि ते जाम झाले. चावी फिरवली, हँडल मारले. ते हलेना.

दौलू उतरला. फडक्याने धरून त्याने बॉनेट उघडले. वाफ निवाली तेव्हा त्याने आत पाहिले.

"पंखा कुठाय?" त्याने विचारले.

सर्जाने मान खाली घातली आणि वर माळाकडे बोट केले. "जाळीत."

दौलूने त्याच्यावर हात उगारला नाही. शिवीही दिली नाही. तो एवढेच म्हणाला, "माजी गाडी दारात हुती, सर्जा."

त्यानंतर तो भाच्याशी जन्मात बोलला नाही.

एका शेजाऱ्याला गावाकडे पिटाळले, दुसरी गाडी आणायला. पण पायी घाट उतरणार कधी, गाडी चढणार कधी. त्या वळणावर सावलीचे एक झाड नव्हते. शेवंता उन्हात तळमळत होती. दौलूने पाना घेतला, बॉनेटचे नटबोल्ट काढले, पत्रा उपडा घालून त्यावर वाकळ अंथरली आणि लेकीला त्यावर निजवले. दौलू, सर्जा आणि उरलेला शेजारी, अशा तिघांनी ते उचलले, केराबाईने चौथा कोपरा धरला. तापलेल्या पत्र्याने हाताची कातडी सोलली, असे सांगतात. सकाळचा गुलाल त्यावर तसाच होता. माळावर वारा तरी लागेल म्हणून तिला इथवर आणली, जिथे आज चौथरा आहे तिथवर.

इथे केराबाईने देवाचे नाव घेऊन हात घातला आणि मूल सोडवले. मुलगी झाली. ती रडली. शेवंताने तिला पाहिले. रक्त काही थांबेना. खालून गाडीचा आवाज घाटात ऐकू येऊ लागला होता, तेवढ्यात शेवंता गेली. गाडी आली तेव्हा दौलू लेकीचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि सर्जा माळावर कुठेतरी हातात पंखा घेऊन उभा होता. तो कधी धावत जाऊन घेऊन आला, कोणी पाहिले नाही.

बाराव्याला पंच बसले. सर्जाला गावातून घालवावे, असे बहुतेकांचे मत होते. दौलू कोपऱ्यात बसून ऐकत होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, माणूस घालवून काय होणार, उद्या दुसरा काढील. आपण त्या पत्र्याच्या आत बघितले नाही, ही चूक आपल्या सगळ्यांची. मग ठरले ते असे. ज्या जागी शेवंता गेली तिथे चौथरा बांधायचा. जत्रेला पळणाऱ्या प्रत्येक मोटारीने आपले बॉनेट आधी त्या चौथऱ्यावर आणून ठेवायचे आणि उघड्या इंजिनाने पळायचे. ज्याला बघायचे त्याने वाकून बघावे. हरलेल्यांनी संध्याकाळी आपापले बॉनेट न्यावे. जिंकलेल्याचे मात्र पुढच्या जत्रेपर्यंत तिथेच राहील. हाकेची गाडी वर्षभर उघड्या इंजिनाने गावात फिरेल, म्हणजे लहान पोरालाही कळेल की आत सगळे जागेवर आहे.

सर्जाने शर्यत सोडली. पण त्याच्या गाडीला त्याने पुन्हा कधी बॉनेट बसवले नाही. पावसाळ्यात इंजिनात पाणी जाई, प्लग पुसत बसावे लागे, तरी नाही. दर सकाळी ती गाडी तो देवळासमोर लावी आणि बाजूला उभा राही. घंटा वाजली आणि हाकेची गाडी बाहेरगावी असली, तर तो जाई. कितीएक माणसे त्याने वाचवली. लोक त्याला मान देऊ लागले. दौलूच्या घरचे मात्र त्याच्या गाडीत कोणी बसले नाही.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. सकाळची निमखोरी-तालुका गाडी. दौलूबाबा थांब्यावर उभे, एक हात छातीवर, घामाने न्हालेले. समोरच सर्जेराव आपली मोटार चालू करून दार उघडून उभा. मी म्हणालो, "बाबा, जीपनं लवकर पोचाल." म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की मी गुपचूप त्यांना हात दिला, वर घेतले, तिकीट फाडले. आमची गाडी घाट चढू लागली. मागच्या काचेतून मी पाहिले, सर्जेराव रिकामी मोटार घेऊन आमच्या मागे येत होता. आम्ही थांबलो की तो थांबे, आम्ही निघालो की तो निघे. आमच्या गाडीचा तो चढ कसा, हे तुम्हाला माहीत आहे, पायी माणूस पुढे जाईल. या चौथऱ्यापाशी आलो तेव्हा दौलूबाबांनी डोळे उघडले आणि मला विचारले, "मागं हाय का त्यो?"

"हाय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. मागे वळून त्यांनी पाहिले नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पोचले, पण फार दिवस काढले नाहीत. मयताला सर्जेराव सगळ्यांच्या मागे लांब चालत होता. मला त्याची कीव आली होती, खोटे कशाला सांगू. पण दौलूबाबांच्या जागी मी असतो तर मीही बसलो नसतो.

तर ही शर्यत अशी होती. आता बघा काय झाले आहे. गावात रस्ता झाला, रुग्णवाहिका येते, कधीकधी वेळेवरही येते. वडापचा धंदा बसला. माळावर मंडप पडू लागले, स्पीकर आले, पुण्याहून, साताऱ्याहून पोरे येऊ लागली. आज जी समोर उभी आहे तिला मोटार म्हणायचे तर म्हणा. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरून प्लास्टिकचे कवच. दिवे आहेत ते दिवे नव्हेत, दिव्यांची चित्रे चिकटवली आहेत. दार उघडत नाही, कारण दार नाही, खिडकीतून आत शिरायचे. ती रस्त्याने येत नाही, ट्रकवर बसून येते. ट्रकवर बसून येणारी मोटार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले बिघडली असेल, विचारपूस करायला गेलो. पोरे हसली.

पळते मात्र वाऱ्यासारखी, ते नाकारत नाही. आणि पोरे वाईट आहेत असेही नाही. नमस्कार करतात, मामा म्हणतात. बॉनेटही ठेवतात. फोटो होतो. मग जिंकलेलाही आपले बॉनेट उचलून घेऊन जातो, कारण ते महागाचे असते आणि त्यावर जाहिरात असते. पुजारी माईकवर विचारतो, "निमखोरीची हाक कोण घेतो?" पोरगा माईकवर म्हणतो, "मी घेतो." टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तो पुण्यात असतो. मला याचा राग येतो. ज्या एका शब्दावर गावाने आपली माणसे सोपवली, तो शब्द हे टाळ्यांसाठी घेतात. सर्जाने निदान मान खाली घातली होती.

गेल्या दोन साली जिंकतो तो वेदांत, सर्जेरावाचाच नातू. आजोबांची गोष्ट त्याला पाठ आहे, तो ती व्हिडिओत सांगतो. आणि शेवंताची जी मुलगी इथे माळावर झाली, तिचे नाव माळूबाई. आजोळीच वाढली, गावातच दिली, आता तिलाही नातवंडे आहेत. दर जत्रेला आदल्या दिवशी ती हा चौथरा शेणाने सारवते आणि दिवसभर शेजारी बसून राहते. बघा, ती छत्रीखाली बसली आहे ती.

गेल्या साली शर्यत संपली आणि तिला ऊन लागले. बसल्या जागी आडवी झाली, हातपाय गार. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसऱ्या टोकाला गेलेली. वेदांतने नुकतीच माईकवर हाक घेतली होती, हार गळ्यातच होता. मी म्हातारा माणूस, जुन्या सवयीने धावत त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "लेका, हाक आली. माळूबाईला घे." त्याने इकडेतिकडे पाहिले. म्हणाला, "मामा, यात एकच सीट आहे. आणि ही रोडवर चालत नाही." तो खोटे बोलत नव्हता. खरेच होते ते. शेवटी भाजीच्या टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर तिला घातली आणि नेली. वाचली.

आजही जत्रेच्या सकाळी प्रत्येक मोटारीचे बॉनेट या चौथऱ्यावर येते, आणि आजही निमखोरीच्या मोटारी उघड्या इंजिनाने पळतात. तुम्ही थोडे लवकर यायला हवे होते. आज सकाळी वेदांत बॉनेट घेऊन आला, बरोबर कॅमेरेवाला होता. त्याने ते नीट मांडले, फुले वाहिली आणि माळूबाईच्या पाया पडला.

"आज्जी, आशीर्वाद द्या. यंदा पण जिंकायचंय."

माळूबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्या गाडीकडे बोट करून तिने विचारले, "ह्यात माणसं किती बसत्यात?"

"एकच, आज्जी. मी."

"मग तुजा तूच जा, बाबा," माळूबाई म्हणाली, आणि तिने तोंड फिरवले.